आत्याची उशी

कळंब, रविवार, १२ नोव्हेंबर १९६१. संध्याकाळ.

फळी बसली. परवा तिची एक खुंटी भिंतीतून निसटली आणि मासिकांच्या जुन्या अंकांचे गठ्ठे आत्याच्या खाटेवर कोसळले. ती तेव्हा अंगणात होती म्हणून बरं. माझे कागद आणि तिचं डोकं! आधी का सुचलं नाही? तेव्हापासून तिनं उशी पायथ्याशी नेली आहे.

मी आणखी लांब खिळे आणून ठेवले होते. देवराव सुतारानं हसून ते बाजूला सारले. "भाऊ, कुटार-भुसा घातलेल्या कच्च्या विटा हाय ह्या, हलक्या. खिळा कितीबी लांब ठोका, माती त्याले धरत नाही." त्यानं भिंतीला आरपार भोकं पाडली, लांब बोल्ट घातले आणि पलीकडे स्वयंपाकघरात सागाची पट्टी लावून नट आवळले.

"माह्या सारवलेल्या भिंतीले भोकं काहून?" बायको तिकडून ओरडली.

"वहिनी, आता सारा भार हे पट्टीच धरते," देवराव म्हणाला, आणि इकडे येऊन स्वतःच फळीला लोंबकळला. फळी हलली नाही.

गठ्ठे चढवले. आत्याची उशी अजून पायथ्याशीच. समजावून काय उपयोग? शेवटी मीच तिच्या खाटेवर, फळीखाली डोकं ठेवून पडलो आणि हे लिहायला घेतलं. पान भरत आलं तेव्हा आत्या उशी घेऊन समोर उभी.

"सरक तिकडं. माही जागा हाय ते."