दरवाज्याला लागलेला चुना

३ नोव्हेंबर
सूर्यभान फुलवाल्याने आज पुन्हा हातगाडी माझ्या संत्र्यांच्या दुकानापुढे लावली. वर भर गिऱ्हाइकांत म्हणाला, गजेंद्रभाऊचे संत्रे लोणच्याले बरे. लोक हसले. संकल्प: याला चुना लावल्याशिवाय राहणार नाही.

७ नोव्हेंबर
आयडिया. माझं दुकान ज्यात आहे त्या अचलपूरच्या जुन्या दरवाज्याची बाहेरची बाजू पूर्ववत करा, असा पुरातत्त्व खात्याकडे अर्ज ठोकला. 'अतिक्रमण' हा शब्द जागोजागी पेरला. काम निघालं की हातगाडी गेलीच. सुभद्रा म्हणाली, तुमी कावून त्याच्या नादी लागून राहिले? बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही.

२१ जानेवारी
मंजूर. पुरातत्त्वाच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, ऑइलपेंट खरवडून जुन्या पद्धतीने चुना लावू. सूर्यभानकडे बघून मिशीत हसलो.

२२ जानेवारी
मॅडमनी विचारलं, हे दुकान कधीचं? मी छाती काढून सांगितलं, दुकान कसलं, ही दरवाज्याची ओरिजिनल देवडी. इथे पहारेकरी बसायचे. मग आमचे आजोबा बसले. शटरमागची कमान स्वतः दाखवली. मॅडम खूश. हातगाडीचं विचारलं तर म्हणाल्या, बघू. सरकारी 'बघू' म्हणजे गेलीच.

२ फेब्रुवारी
नोटीस आली. मला. देवडी मूळ वास्तूचा भाग असल्याचं आपणच दाखवून दिलंत, तरी ती रिकामी करावी. टायपिंग मिस्टेक असणार.

९ फेब्रुवारी
मिस्टेक नव्हती. शटर गेलं, बोर्ड गेला, बोर्डाच्या जागी चुना लागला. सूर्यभानने गाडी रस्त्यापलीकडे ढकलली. म्हणाला, आपलं काय भाऊ, चाकावरचं हाये. तळपायाची आग मस्तकात गेली. जेवलो नाही. आजोबांची जागा होती.

२६ फेब्रुवारी
दरवाजा देखणा झाला. हे सूर्यभानपुढे बोलणार नाही. उद्घाटनाचे हार त्याचेच. घरी संत्री नासायला लागली, म्हणून त्याच्या गाडीच्या एका टोकाला मांडली. तोच म्हणाला, मांडा ना भाऊ, लाजून कावून राहिले? त्याला वाटतं मी हरलो. मी शत्रूच्या गोटात शिरलोय. गोड आहेत असं सांगून गिऱ्हाइकांना माझी संत्री तोच देत होता. यातही त्याचा काहीतरी डाव असणार.

संध्याकाळी म्हणाला, चढ हाये, मागून जोर लावा. लावला. बदला उद्यापासून.