लच्ची कुवेतहून आली

३ ऑगस्ट १९९०, शुक्रवार

सकाळच्या बातम्यांत कुवेत. काल पहाटे इराकचं सैन्य आत घुसलं म्हणे. मी रेडिओ बंद केला. भागाबाई चुलीपुढून उठली, ओल्या हातानं तिनं तो परत लावला. तेहतीस वर्षांच्या संसारात असं कधी केलं नव्हतं तिनं.

लीलाधर तिथे आहे. आमचा एकुलता एक. चार वर्षं हे नाव मी या घरात कुणाला काढू दिलं नाही. आज मीच लिहिलं.

४ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर बातम्या. दुसरं काही सुचलं नाही.

७ ऑगस्ट, मंगळवार

तिथे अडकलेल्यांची माहिती जळगावला कलेक्टर कचेरीत घेतात असं कळलं. पहिल्या एस.टी.नं गेलो. व्हरांड्यात एक टेबल मांडलं होतं, चाळीसेक माणसं रांगेत. माझ्यापुढे पहूरची एक बाई, बेबाबाई. नवरा तिकडे ट्रक चालवतो. क्लार्कनं विचारलं तसा तिनं पासपोर्टचा नंबर तोंडपाठ सांगितला. कंपनीचं नाव, रस्ता, पोस्टाची पेटी, सगळं. शाळेत न गेलेली बाई.

मग माझा नंबर आला.

"मुलाचा पत्ता?"

"कुवेत."

"कुवेत मोठं आहे, बाबा. पासपोर्ट नंबर? कंपनी?"

माहीत नाही म्हटलं. त्यानं वर पाहिलं. "सख्खा मुलगा ना?"

अर्ज कोराच हातात घेऊन परत आलो. एकतीस वर्षं पोस्टात काढली. भडगावात कुणाचं पत्र कुठून येतं हे मला झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं.

त्यानं शहाऐंशीत तिकडेच लग्न केलं. केरळची नर्स, ख्रिस्ती. फोटो पाठवून कळवलं, विचारलं नाही. त्यानंतरच्या त्याच्या प्रत्येक पत्रावर मी स्वतः तांबड्या शाईनं 'घेण्यास नकार' लिहिलं आणि परत पाठवलं. सात पत्रं. मग यायची थांबली. पत्ता त्या पाकिटांवर होता.

८ ऑगस्ट, बुधवार

थांबली नव्हती.

रात्री जेवलो नाही म्हणून भागाबाईनं सकाळी विचारलं. सांगितलं, अर्ज कोरा आला. ती उठून शेजारी प्रमिलाबाईंकडे गेली. प्रमिलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. येताना पदराखाली गठ्ठा. एकोणीस पत्रं. सगळी प्रमिलाबाईंच्या पत्त्यावर आलेली, त्यांनीच हिला वाचून दाखवलेली. मी पोस्टमास्तर असताना, माझ्याच ऑफिसातून, माझ्याच पोस्टमननं वाटलेली.

"रागावा," म्हणाली. "पन आधी पत्ता लिखी ल्या."

रागावलो नाही. पत्ता लिहिला.

मग दिवसभर पत्रं वाचली. तो इलेक्ट्रिशियन म्हणून एका बांधकाम कंपनीत आहे. सून सरकारी दवाखान्यात. लिसम्मा तिचं नाव. एका पत्रात आहे: माय, लिसम्माला कळण्याची भाकरी थापायला शिकवतोय, गोल होत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी: आबांची तब्येत कशी?

९ ऑगस्ट, गुरुवार

पुन्हा जळगाव. अर्ज भरून दिला. व्यक्ती दोन: मुलगा, सून. क्लार्क म्हणाला, यादी मुंबईला जाईल, तिथून दिल्लीला. "सरकार बसून नाही, बाबा. सगळ्यांना आणणार म्हणतात." इतक्या लोकांना कसं आणणार? तिकडे आपली दीड-दोन लाख माणसं आहेत, असं पेपरात आहे.

टेबलाजवळ जामनेरकडची चार माणसं बसली होती. अर्ज इंग्रजीत, कुणाला भरता येईना. भरून दिले. पाच वाजून गेले.

१६ ऑगस्ट, गुरुवार

विमानं सुरू झाली! जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबई. कुवेतहून आधी बसनं बगदाद, मग वाळवंटातून अम्मान. भूगोलाचं जुनं पुस्तक काढून भागाबाईला नकाशा दाखवला. तिनं बोटानं अंतर मोजलं. "पानी भेटस का तठे?" मला काय माहीत.

२० ऑगस्ट, सोमवार

पोळा. आपल्याकडे बैल नाहीत, तरी भागाबाई दरवर्षी मातीची जोडी पुजते. आज विसरली. मीही आठवण दिली नाही.

आता मंगळवार-शुक्रवार जळगावला जातो. क्लार्कनं टेबलाशेजारी एक स्टूल दिलंय. लोक अर्ज घेऊन माझ्याकडेच येतात. घरी बसून रेडिओ ऐकण्यापेक्षा बरं.

२९ ऑगस्ट, बुधवार

पेपरात आलेल्यांची नावं. भिंग घेऊन सगळा रकाना वाचला. नाही.

१ सप्टेंबर, शनिवार

परवा बेबाबाईचा नवरा आला. काल ती मुद्दाम पहूरहून जळगावला सांगायला आली, पेढे घेऊन. मला म्हणाली, "नाना, तुमचा बी येईल." मी पेढा खाल्ला. गोड लागला, खोटं कशाला लिहू? तिचा आला म्हणजे रस्ता खुला आहे.

नवऱ्यानं सांगितलेलं तिनं मला सांगितलं. मालकानं सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवले होते, तो किल्ली घेऊन पळाला. आपल्या वकिलातीतल्या माणसांनी एका शाळेत टेबलं टाकून साध्या कागदावर फोटो चिकटवून शिक्का मारून दिला. त्या कागदावर तो तीन देशांतून आला.

तिकडे पासपोर्ट मालकाकडेच ठेवायचा असतो म्हणे. म्हणजे माणूस कामावर, पण घरी जायचं की नाही हे दुसऱ्याच्या हातात. लीलाधरनं हे कधी लिहिलं नाही. सात पत्रांत लिहिलं असेल.

१० सप्टेंबर, सोमवार

दुपारी तार. मुंबईहून.

"लीलाधरची मुलगी घेऊन पोचलो. धुळ्याला या. आधार."

तीनदा वाचली. आधार हे नाव पत्रांत आहे, धुळ्याचा, कंपनीत त्याच्याबरोबर क्रेन चालवतो. पण मुलगी? एकोणीस पत्रांत मुलीबद्दल एक अक्षर नाही. जूनच्या पत्रातही नाही.

"आपन रागावलो म्हनून लिखं नशीन," भागाबाई म्हणाली. आपण म्हणाली. तुम्ही नाही म्हणाली.

१२ सप्टेंबर, बुधवार

पारोळ्याला गाडी बदलून दोघं धुळ्याला गेलो. आधारच्या गल्लीचं नाव एका पत्रात होतं, घर सापडायला वेळ लागला नाही, गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आधार उन्हानं काळाठिक्कर पडलाय, ओठ फुटलेले. त्याची बायको कुंदाबाई तिकडे त्याच्याबरोबरच होती. तिच्या मांडीवर मुलगी. तीन वर्षांची असेल. मोठे डोळे, केस कापलेले. वाळवंटातल्या छावणीत उवा झाल्या म्हणून कापले म्हणे.

"आणि ती दोघं?" मी विचारलं.

"लिसम्मावहिनीला दवाखान्यातून सोडत नाहीत, आबा. तिचा पासपोर्ट त्यांच्याकडेच. निम्म्या नर्सा निघून गेल्या, वॉर्ड भरलेले. दुसरी माणसं येईपर्यंत जायचं नाही म्हणतात."

"लीलाधर?"

"त्याचा कागद झाला होता. आमच्याच बसमध्ये जागा होती त्याची. मी लई सांगितलं. म्हणे, तिला टाकून येऊ कसा? पोरीला तेवढं ने."

कागद दाखवला. आई लिसम्मा, वडील लीलाधर, खाली मुलगी: लक्ष्मी, वय तीन. वर शिक्का. मुलीचा कागद म्हणून आधारनं तो प्लास्टिकच्या पिशवीत छातीशी बांधून आणला.

"लिसम्मा दिसाले कशी शे?" भागाबाईनं विचारलं. कुंदाबाई म्हणाली, "हसरी शे. कामाले वाघीन."

निघताना आधारला विचारलं, मुलगी झाल्याचं आम्हाला का नाही कळवलं? त्यानं कुंदाबाईकडे पाहिलं. "ते तो आला का त्यालाच विचारा, आबा. मी कागदावर आहे तेवढंच सांगेन."

परतताना एस.टी.त मुलगी माझ्या मांडीवर झोपली. पारोळ्यापर्यंत पाय हलवला नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

नाव विचारलं तर 'लच्ची' म्हणते. पाणी हवं की 'नीळ्ळु'. एस.टी. स्टँडवरून लाऊडस्पीकर वाजला तशी पळत येऊन कोठीच्या मागे बसली. भागाबाई तिच्याशेजारी जाऊन बसली. दोघी अर्धा तास तिथेच.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

दिल्लीला परराष्ट्र खात्याला पत्र लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. आपल्या नर्सांना पासपोर्ट अडवून कामाला ठेवलंय, नाव-पत्ता खाली. ही नोकरी नाही, कोंडवाडा आहे, असं लिहिलं. मग वाटलं फार झालं. तरी खोडलं नाही. रजिस्टर केलं.

जळगावच्या टेबलाशी आज माझं स्टूल रिकामं राहिलं. पुढच्या मंगळवारपासून परत जाणार, लच्चीला घेऊन. भागाबाई नाही म्हणते. बघू.

१९ सप्टेंबर, बुधवार

घटस्थापना. लच्चीनं घटाच्या मातीत गव्हाबरोबर चार शेंगदाणे पेरले. भागाबाईनं पेरू दिले.

गिरणा कालव्याच्या ऑफिसात राव नावाचे ओव्हरसियर आहेत, हैदराबादकडचे. वाटेत भेटले, लच्चीशी बोलले. ती एकदम सुरूच झाली, थांबेना. आम्हाला आठ दिवसांत इतकं बोलली नव्हती. ते हसत म्हणाले, "अस्सल तेलुगू बोलते, मास्तर. रायलसीमेकडची."

तेलुगू? लिसम्मा तर केरळची.

भागाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "नर्सांमधी बठ्ठ्या मुलखाच्या बाया ऱ्हातीस. पोर शिकनी आसी."

असेल.

२४ सप्टेंबर, सोमवार

दिल्लीहून पोच. छापील कार्ड, आपलं पत्र मिळालं, लक्ष घालत आहोत. सही शाईची आहे. सही करणाऱ्यानं खाली हातानं एक ओळ लिहिली आहे: नर्सांचा विषय इराकमधल्या बसऱ्याच्या आमच्या लोकांनी हाती घेतला आहे.

ती ओळ भागाबाईला चार वेळा वाचून दाखवली. एवढ्या गर्दीत कुणीतरी माझी दोन पानं खरंच वाचली.

२९ सप्टेंबर, शनिवार

दसरा. लच्चीनं सोनं वाटलं, सगळ्या गल्लीत. मला दोनदा दिलं.

आता 'आबा' म्हणते. माझ्या चष्म्याची काडी धरून म्हणते.

३ ऑक्टोबर, बुधवार

विमानं आता थोड्याच दिवसांत बंद होणार, बहुतेक लोक आले, असं बातम्यांत. भागाबाई ऐकून आत गेली. मी लच्चीला घेऊन गिरणेच्या पुलावर गेलो. परत आलो तरी ती आतच होती. पाटावर गुडघे धरून बसलेली.

"येतीन," मी म्हटलं. मला तिच्यासारखं बोलता येतं हे ती विसरली असावी. हसली थोडी.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

जळगावच्या टेबलावर होतो. क्लार्क फोन ठेवून धावत आला. धावत! तो कधी खुर्चीतून उठत नाही.

"बाबा, काल उतरलेल्यांच्या यादीत दोघं आहेत. लीलाधर तोताराम. लिसम्मा लीलाधर. मुंबईला आहेत. उतरलेत!"

रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पेनाची शाई कुणाच्या तरी अर्जावर सांडली. त्यानं अर्ज बाजूला केला आणि माझे हात धरले.

७ ऑक्टोबर, रविवार

पाचोऱ्याला उतरून आले दोघं. मी स्टेशनवर होतो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, आठवलं नाही. लीलाधर पाया पडायला वाकला, मी त्याला वाकू दिलं नाही. एवढंच झालं. तेवढं पुरलं बहुतेक, कारण नंतर तो एस.टी.त माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, लहानपणी झोपायचा तसा.

लिसम्मा उंच, सावळी. हातांची सालं निघालेली. मराठी बोलते, लीलाधरकडून शिकलेली, म्हणजे आमचंच बोलणं. भागाबाईला म्हणाली, "माय, माले भाकर थापाले शिकाडा." ही रडायलाच लागली.

तिनं सांगितलं, बसऱ्याहून आपला एक अधिकारी आला, चार दिवस दवाखान्याच्या दारात बसून राहिला. पासपोर्ट मिळाले नाहीत, पण बावीस नर्सांचे कागद करून त्यांना बसमध्ये बसवूनच उठला.

लच्ची पळत आली आणि लिसम्माच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "लिसाक्का!"

आईला अक्का म्हणते? असतं काही घरांत.

८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी लीलाधर अंगणात येऊन बसला. म्हणाला, "आबा, लच्ची आमची नाही."

समोरच्या बंगल्यात तिची आई कामाला होती. रमणम्मा, आंध्रातल्या कडप्प्याकडची. तिला बाहेर पडायची मुभा नव्हती, पोरगी दिवसा लिसम्माच्या खोलीवर असायची. दोन ऑगस्टला मालक गाडी भरून सौदीकडे पळाला, रमणम्माला गाडीत घालून. ती पोरीसाठी ओरडत होती. कुणी थांबलं नाही. म्हणाला, कागदावर आमची म्हणून लिहिली नसती तर पोरगी कुणाच्या नावावर बसमध्ये बसली असती?

भागाबाई दारात होती. सगळं ऐकलं तिनं. म्हणाली, "मंग तिनी माय सापडस तवलोंग आपलीच शे," आणि लच्चीला न्हाऊ घालायला घेऊन गेली.

मी दुपारपासून लिहितोय. दिल्लीला एक, सौदीतल्या आपल्या वकिलातीला एक, आणि कडप्पा जिल्ह्यातल्या एकेका पोस्टमास्तरला. पोस्टमास्तरला गावातली माणसं माहीत असतात. आतापर्यंत अकरा झाली. एखाद्याला रमणम्माचं घर सापडेल, आणि मग लच्ची जाईल, हे कळतंय मला. तरी अक्षर अगदी सुवाच्य काढतोय.