पाणी घालण्यापुरतं

२ सप्टेंबर
आणि वर आई मलाच बोलते, अमेरिकेत राहून तू बाटलास. मी बोललो, आई, बाटायचं काम आपल्या खापरपणजोबांनी चारशे वर्षांपूर्वीच उरकलंय, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलं नाही. फोन आपटला तिने. बरं झालं. बरं कसलं, सिल्वीचं बोलायचं राहूनच गेलं.
एकुलती एक बहीण. पाचवा महिना. परवा वसईत सोनोग्राफी झाली. बाळाची कवटीच तयार झालेली नाही, मेंदूही नाही. डॉक्टर बोलला, पोटात आहे तोवर जगेल, बाहेर आलं की काही मिनिटं, फार तर काही तास. सिल्वी बोलते, मला हे पुढे न्यायचं नाही. तिचा नवरा मेल्विन आणि आई, दोघांचं एकच: देवाने दिलं, देव नेईल. देव नेईल हो. पण तोवर ओझं कोण वाहणार? मेल्विन?
जायला पाहिजे होतं मी. कसा जाणार. जहाजावर कामाला होतो, उतरलो तो इथंच राहिलो, कागदपत्रांशिवाय. इथून एकदा गेलो की परत येणं नाही.

५ सप्टेंबर
कामात लक्ष नाही. अ‍ॅशबर्नला दिवसभर लोकांची लॉन कापायची. नोव्हेंबरात इथं मतदान आहे, पोट पाडायचा बायकांचा हक्क राज्याच्या घटनेत लिहायचा की नाही. घराघरापुढे पाट्या. अर्ध्या ‘हो’, अर्ध्या ‘नाही’. गवत कापायचं तर पाटी उपटा, मशीन फिरवा, परत होती तिथंच रोवा. आमचा मुकादम चेपे, साल्वादोर देशाचा. तो बोलतो, मत आपल्याला नाही, पण पाट्या सगळ्यात जास्त आपणच उचलल्या.
त्याच्या देशात पोट पाडलं तर जेल. तोही कॅथलिक, मीही. विचारलं, तुला बरोबर वाटतं का रे? त्याने वळण घेतलं. मग बोलला, ट्रिमरमध्ये पेट्रोल भरलंस का?

८ सप्टेंबर
डॉ. काकूंना विचारलंच. मंगळवारी त्यांचं लॉन असतं. मूळच्या पुण्याच्या, जन्मभर बायकांच्या डॉक्टर, आता रिटायर. मराठी म्हणून मला चहा मिळतो, बाकीच्यांना पाण्याची बाटली. सिल्वीने पाठवलेला रिपोर्ट मोबाईलवर दाखवला. चष्मा लावून वाचला, परत वर जाऊन वाचला. चहा तसाच.
“नेल्सन, यात चूक नाहीये रे. हे मूल नाही जगायचं.”
इंडियात कायद्यात बसतं का, विचारलं.
“बसतं. आणि सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही. आईची तर नाहीच नाही. पण आत्ता कर म्हणावं. उशीर झाला की सरकारी डॉक्टरांचं बोर्ड बसतं, मग सगळी वणवण.”
फक्त तिची सही! उरलेली सगळी लॉन पळत पळत कापली.

९ सप्टेंबर
सकाळी कामाआधी फोन केला, तिकडे दुपार. सिल्वीला सगळं सांगितलं. वाटलं खूश होईल. ती बोलते, “दादा, हे काउंटरवरच्या बाईला सांग ना.” सिस्टर लोकांच्या, चर्चच्या हॉस्पिटलात आम्ही हे करत नाही बोलले. दुसरीकडे बोलले, मिस्टरांना घेऊन या. मी इथून ओरडलो, अगं पण कायदा आहे!
“कायदा आहे रे. मेल्विन पण आहे.”
मेल्विनला लावला. उचलला नाही. परत लावला. उचलून बोलतो, तू आमच्या घरात पडू नकोस. तुझ्या लग्नात सूट कोणी दिला होता रे? असं बोलायचं मनात होतं. नाही बोललो. बोलायला हवं होतं.

१२ सप्टेंबर
आईचा फोन. तिने स्वतःहून केला म्हणजे रडणार हे ठरलेलं. पण आज पहिल्यांदा खरं काय ते बाहेर आलं. देवाने दिलं वगैरे सगळं वरवरचं. तिला पाणी घालायचंय.
“जिवंत जन्मलं तर बाप्तिस्म्याचं पाणी तरी घालता येईल, बाबा. फादर नाही पोचले तर मी घालीन. नर्स घालील. पाच मिनिटं मिळाली तरी पुरे. नाव मिळेल त्याला. आत्ताच काढलं तर कुठं जाईल ते?”
मी काय सांगणार? मी सातवी नापास. कुठं जातं मला काय ठाऊक. राग आला, का ते कळेना. बोललो, आणि सिल्वी कुठं जाईल?
रडली. मग मीही. नंतर ती बोलली, जेवलास का. मी ठेवून दिला.

१५ सप्टेंबर
शेण खाल्लं आज. डॉ. काकूंच्या लॉनवर ‘हो’ची पाटी, शेजारच्या नोरा आजीकडे ‘नाही’ची. दोन्ही निळ्या. उपटून एकत्र ठेवल्या, डोकं मोबाईलमध्ये, सिल्वीचा मेसेज आला का बघतोय. आणि उलट्या रोवल्या. इंग्रजी मला अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. कोण वाचतं पाटी!
नोरा आजी आयर्लंडची, ऐंशीच्या पुढची, रोज चर्चला जाणारी. वॉकर ढकलत बाहेर आली ती किंचाळतच. तोवर फादरच गाडीतून जाताना हात हलवून गेले होते म्हणे, तिच्या ‘हो’च्या पाटीसमोरून! काकू दारात हसून हसून वाकल्या. मराठीत बोलतात, “नेल्सन, तुला मत नसून दोन घरं फिरवलीस रे!” आजी नाही हसली. कंपनीला फोन करते बोलली. चेपे गाडीत तोंड लपवून बसला. मला मरायचंच राहिलं होतं.
सॉरी बोललो. आणि मग काय झालं कोण जाणे, माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळंच सांगून टाकलं. सिस्टर. बेबी. नो हेड. मदर वॉन्ट वॉटर. असलं इंग्रजी. आजीने पाटी माझ्या हातातून घेतली. कंपनीला फोन केला नाही. बोलली, पुढच्या वेळी अर्धा तास जास्त ठेव.

१९ सप्टेंबर
सिल्वीचा मेसेज नाही. फोन मेल्विन उचलतो, ती झोपलीय बोलतो. भरदुपारी? यार, कधी कधी वाटतं विमानात बसावं आणि जे होईल ते होवो. मग भाडं आठवतं, आईचं औषध आठवतं. बसतो गप. इथं बसून मी नुसता आवाज आहे. स्पीकरवर ठेवलं तर आवाज, नाही ठेवलं तर तोही नाही.

२२ सप्टेंबर
नोरा आजीकडे बसलो. चहा दिला, आपल्यासारखाच, दुधाचा. तिच्या देशात सगळं चर्चचं होतं बोलली, शाळा, हॉस्पिटल, कायदासुद्धा. पोट पाडायला बंदी ती थेट घटनेत. मग काही वर्षांपूर्वी लोकांनीच मत देऊन ती काढून टाकली. तिच्या सख्ख्या बहिणीने, जी तिच्याइतकीच चर्चला जायची, तिनेही काढायच्या बाजूने मत दिलं. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. आता त्यांच्या गावात पाद्री व्हायला कोणी पोरगा मिळत नाही. “तुमच्या इंडियाचा फादर आहे तिथं,” बोलली, “म्हाताऱ्यांना मिस्साची प्रार्थना ऐकवतो.” हे सांगताना मात्र हसली.
मग तिच्या आईचं सांगितलं. एक बाळ मेलेलंच जन्मलं. पाणी घातलेलं नाही म्हणून दफनभूमीत जागा नाही. बापाने खोक्यात घालून अंधार पडल्यावर शेताच्या कडेला पुरलं, तिथं अशीच बरीच पुरलेली, वर नुसते दगड. आपला दगड कुठला ते आईला कधी कळलं नाही.
मला वाटलं, आता ही पाटी काढते. विचारलं तसं.
“नाही. मूल ते मूल.” मग बोलली, “पण तुझ्या आईला सांग, ती पाणी न घातलेल्या पोरांची वेगळी जागा वगैरे चर्चनेच सोडून दिलंय आता. देवाला नळ लागत नाही.”
मी चिडलो. मग माझ्या बहिणीने करावं काय, बोललो, ते सांगा ना!
“तू सांगतोस, आई सांगते, नवरा सांगतो, शेजारची डॉक्टर सांगते. आता मी पण सांगू?”
कप जोरात ठेवला मी. फुटला नाही. कामाला लागलो.

२३ सप्टेंबर
आईला सांगितलं, चर्चने ते सोडलंय.
“कोण बोललं?”
आयर्लंडची एक आजी.
“ती पोप आहे का?”
पण ठेवला नाही फोन. थोड्या वेळाने हळू आवाजात, “खरंच सोडलंय? मग आमच्या वेळच्यांना का नाही सांगितलं?” आमच्या वेळच्यांना म्हणजे कोणाला? विचारलं तर विषय बदलला. वांगी महाग झालीत म्हणे. माझ्याआधी तिचंही एखादं… की मलाच आता सगळीकडे तेच दिसतंय.

२६ सप्टेंबर
सिल्वीने स्वतः फोन केला, शेजारणीच्या मोबाईलवरून. मी सुरूच झालो: कायदा, सही, बोर्ड, मुंबईतलं मोठं सरकारी हॉस्पिटल, काकूंनी दिलेलं नाव. ती ऐकत होती. मग बोलली, “दादा, तू पण फादरसारखाच बोलतोस. नुसता पलीकडून.”
मग विचारलं, जे खरं तर पहिल्या दिवशी विचारायचं: तुला काय पाहिजे ग?
मागे कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. “रात्री लाथ मारतं रे ते. डोकं नाही तरी. मला ते नको पण आहे आणि… काय सांगू. आई पाण्याची बाटली आणून ठेवते उशाशी, चर्चमधून भरलेली. मेल्विन बघत पण नाही माझ्याकडे. मला दोन दिवस कोणी नको. मग मी ठरवीन. एकटी जाईन कुठं जायचं तिथं.”
कुठं? मुंबईला? ठरलं का तुझं?
“विचारू नकोस. या वेळी आईच्या खात्यात घालू नकोस पैसे. माझं आहे एक, लग्नाआधीचं, शिलाईच्या क्लासवेळी काढलेलं. मेल्विनला माहीत नाही.”
हो बोललो. खात्याचा नंबर लिहून घेतला. बोलायचं होतं बरंच. आई आता फोनवर फोन करील, या महिन्याचे कुठं गेले म्हणून. करू दे.
सिल्वीच्या खात्यात, सत्तर हजार रुपये.