दोरा तोडायचा दात आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत

ती. ताईस,

एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने लिहिणाऱ्या धाकट्याचा नमस्कार. (कुठला गाल, ते पुढे येईलच. मलाही ते उशिराच कळलं.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढायची हौस आता पुरे. इकडे आम्ही ठीक. तुझी भावजय मजेत आहे, कारण गेले चार दिवस मला धड बोलता येत नाही आणि तिला मधे कुणी तोडत नाही.

तर तुझी लेक, आपली ठमी. (आता डॉक्टर झाली, दारावर पाटी लागली, पण मला ठमीच.) माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिने दवाखाना टाकला हे तुला माहीत आहेच. तिचा पांढरा कोट मी शिवला, त्या मागेपुढे होणाऱ्या खुर्चीला कव्हर मी शिवलं, आणि कव्हर नीट बसलंय का बघायला म्हणून त्या खुर्चीत पहिला मीच बसलो. तिथेच फसलो. तिने म्हटलं, मामा, बसलाच आहेस तर आ कर. मी केला. तिने आत बघितलं, एक फोटो काढला आणि दोन दिवसांनी वर बोलावून गोड आवाजात सांगितलं की खालचा, सुळ्याच्या मागचा दात आतून किडलाय, त्याची नस काढून वर टोपी बसवावी लागेल. मी मान डोलावली, कामाचा जोर ओसरला की बघू म्हटलं, आणि जिना उतरलो तो एकदम गोंधळलेला माणूस म्हणून.

का, ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. गिऱ्हाईक फाटका खिसा घेऊन आलं की मी काय करतो? पँट उलटी करतो, चुकचुकतो आणि म्हणतो, साहेब, अस्तरच गेलंय. दहातल्या सात वेळा ते खरंच गेलेलं असतं. मला त्या उरलेल्या तीन वेळा आठवायला लागल्या. त्यात ठमी सहा वर्षांची असताना तिने माझ्या मोठ्या कात्रीने एका वकिलाच्या कोटाची बाही उतरवली होती, तेही आठवलं. (बाही अगदी सरळ कापली होती, हे मान्य.) तोच हात आता माझ्या तोंडात जाणार. आणि हा दात म्हणजे साधासुधा नव्हे. बत्तीस वर्षं मी दोरा त्यानेच तोडतो. कात्री समोर पडलेली असते, पण तोंड आधी पोचतं.

दुसऱ्या डॉक्टरला विचारावं म्हटलं, तर ठमीच्या कानावर गेलं तर? सख्ख्या मामाचा आपल्यावर विश्वास नाही म्हटल्यावर पोरीने त्या पाटीकडे कुठल्या तोंडाने बघायचं? आणि मामाच बसत नाही त्या खुर्चीत गल्लीतलं दुसरं कोण बसणार? मला तिचं मन मोडायचं नव्हतं आणि माझा दातही मोडायचा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवाव्यात ते मला कुणी शिकवलेलं नाही.

शेवटी तुझ्या भावजयीला दाखवतो असं खोटं सांगून ठमीकडून तो फोटो मागून घेतला. पोस्टाच्या तिकिटाएवढी काळी फिल्म. तिची सुलट बाजू कुठली, उलट कुठली, काही कळेना. कापडाची सुलट बाजू चकाकीवरून ओळखतात, तशी मी ओळखली. एका कोपऱ्यात बारीकसा फुगवटा होता, तो मला मालातला दोष वाटला, म्हणून शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाने दाबून दाबून सपाट केला. मग सुलट बाजूची खूण म्हणून कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक कच्चा टाका घातला. (काम व्यवस्थित असावं, या मताचा मी आहे.)

गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक म्हातारे दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे बसने गेलो आणि खबरदारी म्हणून नाव आणि फोन नंबर शेजारच्या न्हाव्याचा लिहून दिला. मग पाऊण तास मी बसून राहिलो, कारण तिथल्या नंबर लावणाऱ्या बाई न्हाव्याच्या नावाने हाका मारत होत्या आणि हा माणूस गेला कुठे म्हणून मीही इकडेतिकडे बघत होतो. डॉक्टरांनी फिल्म हातात घेतली, लाल टाका बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. सुलट बाजू, मी ठणकावून सांगितलं. दुखतं कुठे म्हणाले. मी म्हटलं, दुखत नाही, गार पाण्याने कळ येते ती सगळीकडे फिरते. त्यांनी फिल्म टाक्याप्रमाणे धरली, उजवीकडचा दात ठोकून बघितला आणि म्हणाले, ठणठणीत आहे, याला हात लावू नका.

ताई, मला आनंद व्हायला हवा होता. दात वाचला होता. पण बसमध्ये बसलो आणि दुसराच विचार आला. म्हणजे आपल्या ठमीला काही येत नाही! इतकी वर्षं शिकली, आणि चांगल्या दाताची नस काढायला निघाली! हे तिला सांगावं की तुला, की कुणालाच नको, या विचारात मी आठ दिवसांत तीन गिऱ्हाइकांच्या बाह्या आखूड केल्या. नवव्या दिवशी सवयीने दोरा तोडायला गेलो आणि जी कळ आली ती थेट कानात. डावीकडे! मी दोरा कायम डावीकडे तोडतो हे मला त्या क्षणी कळलं.

पुन्हा बस, पुन्हा न्हाव्याचं नाव. डॉक्टरांनी डावीकडे बघितलं, फिल्म बघितली, माझ्याकडे बघितलं. त्या फुगवट्यावरूनच डावं-उजवं ओळखतात म्हणे. फिल्म उलटी धरली की डावा दात उजवा होतो. फुगवटा कुणी सपाट केला, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी छताकडे बघत होतो. शेवटी म्हणाले, पहिल्या डॉक्टरने अगदी बरोबर सांगितलंय, निमूट जाऊन तिथेच काम करून घ्या. आणि तिच्यासाठी एक चिठ्ठी पाकिटात घालून, पाकीट चिकटवून माझ्या हातात दिली. ही चिठ्ठी द्यावी तर चोरी उघडी पडते, न द्यावी तर डॉक्टरांचा शब्द मोडतो. ती अजून माझ्या खिशात आहे. (अस्तर शाबूत आहे.)

असो. भाऊजींना नमस्कार, तू काळजी घे.

तुझा,
दातांपुरता शहाणा झालेला भाऊ

ता. क. खरं काम एवढंच, की ठमीने विचारलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा म्हणून मीच मामाच्या मागे लागले होते, असं तू सांग. आईवर ती फार वेळ रागवत नाही.

ता. क. दुसरा. वरचं काही सांगू नकोस. त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडून न्हाव्याला फोन गेला, की तुमच्या डाव्या दाताचं काम टाळू नका. बिचारा गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून ठमीकडे धावला, मला खरंच काही झालंय का ते तू एकदा बघ म्हणून. त्याचे दात लोखंडासारखे निघाले. मग ठमीने त्या डॉक्टरांना फोन केला आणि लाल टाक्याची हकिकत ऐकली.

ता. क. तिसरा. ती आत्ता खाली दुकानात येऊन गेली. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "मामा, मीही तुझी फिल्म आमच्या कॉलेजातल्या सरांना दाखवून मगच तुला सांगितलं. तुझा दात म्हणून माझाच माझ्यावर विश्वास बसेना." ताई, मी खिशातली ती चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. गुरुवारी दहा वाजता काम ठरलंय. तू ये आणि बाहेरच्या बाकावर बस. मी हे तिला न सांगता लिहितोय. आणि "आईला बोलाव, पण मी बोलावलंय असं तिला सांगू नकोस," असं तीही जाता जाता मला सांगून गेली आहे.