पिवळ्या रेघा आणि पाच स्टार

९ जानेवारी
गाडी आणली. नव्या सर्व्हिस सेंटरमधून—देशभर शाखा, बसायला सोफा, वर फुकट कॉफी! ब्रेक दाबला की किरकिरायचा, म्हणून दिली होती. ‘सर, पुढचे पॅड नवे टाकलेत,’ असं तिथला किशोर म्हणाला. बिलातही तसंच. सिडकोत घरी येईपर्यंत किरकिर तीच! चैताली म्हणते, नवीन आहेत, बसतील हळूहळू. बायको माझी, बाजू त्यांची.

१० जानेवारी
सकाळी चाकापाशी उकिडवा बसलो. अंबडला कंपनीत माझं कामच ते—चेकिंग. नट आवळला की नटावरून खाली रिमपर्यंत पेंटची पिवळी रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते. ही खोड घरीही आहे. मागे पंक्चर काढल्यावर मीच सगळ्या चाकांना रेघा मारल्या होत्या.

सगळ्या रेघा सरळ! एकही तुटलेली नाही. म्हणजे चाक काढलंच नाही हरामखोरांनी. चाक न काढता पॅड बदलले! याच गाडीतून चैताली पोरांना शाळेत सोडते. डोकं भणभणलं.

११ जानेवारी
भांडून आलो. मॅनेजर भामरे म्हणतो, ‘सिस्टीममध्ये काम पूर्ण दाखवतंय, सर.’ रेघांचे फोटो दाखवले तर म्हणे, पेंटचं काय, कुणीही मारतं. घरी येऊन गुगलवर फोटोसकट लिहिलं—एक स्टार. चोर आहेत, जिवावर उठलेत. सगळं लिहिलं. बरं वाटलं.

१४ जानेवारी
भामरेचा फोन. ‘संक्रांत आहे सर, गोड बोलू या.’ पॅड, डिस्क सगळं नवं, माझ्यासमोर, एक पैसा न घेता. फक्त तेवढा रिव्ह्यू बदलायचा. तोंडावर फोन आपटला.
चैताली चिडली. ‘तुमचा राग राहू दे, पोरं बसतात त्या गाडीत.’

१५ जानेवारी
गेलो. समोर उभं राहून चाकं काढायला लावली. जुने पॅड झिजून पार पत्र्याला आलेले!

काम झालं. भामरे शेजारी येऊन उभा राहिला. मी मोबाइल काढला. पाच स्टार. ‘प्रामाणिक माणसं, ब्रेकचं काम उत्तम.’ फोटोही काढून टाकले. कंपनीत खराब माल पास करणाऱ्याला मी आईवरून शिव्या देतो. आज स्वतः केलं. लाज वाटली, पण किल्ली घेतली.

१७ जानेवारी
ब्रेक झकास. विषय संपला.

२३ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या ललिताताई आईला दवाखान्यात दाखवायला मुंबईला निघाल्यात. गाडी स्वतःच चालवतात. आत्ता उठून मेसेज बघितला—‘भाऊ, कसारा घाट उतरायचा म्हणून ब्रेक नवे करून घेतले. तुमचे पाच स्टार बघून तिथंच गाडी दिली. थँक यू!’

केव्हाचा फोन लावतोय. उचलत नाहीत.