दंडावरचा रंग

बुधवार, सतरा तारीख, दुपार

प्रिय धाकटे,

तुम्ही मायलेकी मजेत असाल, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी बरी आहे. गुडघा दुखतो. खालचा टायरवाला अजून सकाळी आठपासून हातोडा आपटतो, आणि माझ्या खोलीतला चांगला उजेड साडेअकराला पळतो. झाली माझी खुशाली.

रविवारी मुंगीच्या पिशवीतून पाठवलेली तुझी चिठ्ठी मिळाली. पाच ओळी, त्यातल्या तीन माझ्या कौतुकाच्या. कामाचं चौथीत होतं. 'डाव्या दंडावरचा तो डाग तेवढा काढ ना ताई, अ‍ॅक्रिलिकवर परत रंग मारता येतो म्हणालीस.' आणि पाचवीत, तुझा नवरा वीस तारखेला जहाजावरून उतरतोय, त्याआधी मुंगीचं, त्याच्या लेकीचं, चित्र भिंतीवर लागलं पाहिजे.

येतो की रंग मारता. अ‍ॅक्रिलिकचं तेच तर सुख आहे. पंधरा मिनिटांत वाळतं, वरून दुसरा हात दिला की खालचं कुणाच्या बापाला कळत नाही. फक्त वाळल्यावर एक छटा काळपट होतं, म्हणून ओलं असताना थोडं उजळ ठेवावं लागतं. तुला हे सगळं कशाला सांगतेय! तुला साधा आंबाही काढता यायचा नाही. शाळेतल्या तुझ्या वह्या मीच रंगवल्यात.

तर डागाविषयी. पहिल्या रविवारी तू तिला चित्रासाठी बसायला भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांच्या फ्रॉकमध्ये पाठवलंस. मला बाहीच्या चुण्या रंगवायचा कंटाळा, म्हणून मी चित्रांसाठी पेटीत ठेवलेला पिवळा बिनबाह्यांचा फ्रॉक तिला घातला. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या जरा खाली, रुपयाएवढं जांभळं दिसलं. मी विचारलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "इथे कोण बघतंय?"

मला वाटलं, पोर लाजतेय.

नाही, खोटं कशाला लिहू? मला काही वाटलं नाही. मी रंग मिसळायला घेतला. कातडीच्या रंगात थोडा जांभळा, कणभर हिरवा. सुरेख जमला. दुसऱ्या रविवारी ते हिरवट झालं होतं, मी हिरवट केलं. तिसऱ्या रविवारी पिवळं पडलं, मी पिवळं केलं, आणि वाटलं, चला, दंड संपला. चौथ्या रविवारी बघते तर पुन्हा ताजं जांभळं. आणि तुझ्या या ताईला काय वाटलं माहितीये? राग आला. पुन्हा रंग मिसळावा लागणार म्हणून!

आणि बसते किती शहाण्यासारखी! पाच वर्षांची पोर स्टुलावर चाळीस मिनिटं हलत नाही. माशी नाकावर बसली तरी नाही. तू न्यायला आलीस की मी दर वेळी तुझ्याकडे तिची तारीफ करायचे, आठवतं? तू म्हणायचीस, "वळण लावलंय." तुझी छाती कशी फुगायची तेव्हा! सहाव्या रविवारी तू पहिल्यांदा चित्राजवळ आलीस, दंड बघितलास आणि पर्स शोधायला लागलीस. पर्स तुझ्या खांद्यावरच होती.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते, नाहीतर हा कागदही फाडून टाकीन. आधीचे दोन फाडले.

'इथे कोण बघतंय' हे वाक्य तुझं नाही. माझं आहे. आई गेली तेव्हा मी पंधराची, तू सहाची. बाबा कारखान्यात, घर माझ्या गळ्यात. तू दूध सांडलंस की, गणित चुकलं की, आई कधी येणार म्हणून विचारलंस की मी तुला तिथेच चिमटा घ्यायचे. धरून पिळायचे. काखेखाली, बाहीच्या आत. तू दंड चोळायला लागलीस की म्हणायचे, "चोळू नकोस. इथे कोण बघतंय?" मग तूही अशीच गप्प बसायला शिकलीस. येणारे जाणारे म्हणायचे, धाकटी किती गुणी! मी म्हणायचे, वळण लावलंय.

तुला चित्र काढता आलं नाही, गाणं आलं नाही, माझ्यासारखी पोळीही कधी गोल लाटता आली नाही. एवढी एक गोष्ट मात्र माझ्याकडून बिनचूक उचललीस. जागासुद्धा चुकली नाही.

तुला वाटेल, ताई आता न्यायाधीश होऊन बसलीये. थांब.

परवाच्या रविवारी, म्हणजे सातव्या, मी ओठ रंगवत होते. ओठ सगळ्यात अवघड. दोन तास घालवले तेव्हा कुठे ते हसायच्या बेतात आल्यासारखे दिसायला लागले. मी ब्रश धुवायला मोरीवर गेले. परत आले तर मुंगी स्टुलावरून उतरून चित्रासमोर उभी, आणि तिचं बोट चित्रातल्या तोंडावर. अर्धवट वाळलेला रंग सालीसारखा निघून तिच्या बोटाला चिकटलेला. "मावशी, ही बोलत का नाही?" तिनं विचारलं. सात रविवारांत पहिल्यांदा आपणहून काही बोलली होती गं ती.

मी तिचा उजवा दंड धरला आणि पिळला.

ती रडली नाही. ओरडलीही नाही. स्टुलावर जाऊन बसली, तशीच, मान तशीच, हात तसेच. मग डाव्या हातानं उजवी बाही खाली ओढायला लागली. फ्रॉकला बाही नव्हती. तरी ओढत होती.

संध्याकाळी तिला आंघोळ घालताना तुला उजवीकडचंही दिसलं असणार. आज तीन दिवस झाले, तुझा फोन नाही. काय म्हणून करशील? कुठल्या तोंडानं विचारशील? आपण दोघी एकमेकींना चांगल्याच सापडलो आहोत.

मी डाग काढलेला नाही. काल उजव्या दंडावर दुसरा रंगवला, आठवणीतून. बरोबर उतरलाय, मला ती जागा तोंडपाठ आहे. ओठ परत केले नाहीत. साल निघाली तिथे खालचा करडा रंग दिसतो, तो तसाच ठेवला. आज सकाळी वरून वॉर्निश दिलं.

तुझ्या नवऱ्याला बंदरावरच्या ऑफिसात निरोप दिलाय, की घरी जायच्या आधी माझ्याकडे या, लेकीचं चित्र बघायचंय. बिचारा खूश होईल. त्याला दोन्ही दंड दाखवीन आणि सांगीन, डावा हिच्या आईचा, उजवा माझा. मग त्यानं मला जिना दाखवला तरी चालेल. मुंगीला घेऊन तो आपल्या आईकडे जाईल असं मला वाटतं. जावं त्यानं. तू त्याच्या पाया पडशील, मला शिव्या घालशील, की ताईनं माझा संसार मोडला. घाल.

तुझी माफी मागू का, हा विचार तिन्ही कागदांवर केला. मागितली तर तू लगेच देशील. मी मागेन ते लगेच द्यायची सवय तुला मीच लावलीये. म्हणून मागत नाही.

रविवारी मुंगीला माझ्याकडे पाठवू नकोस. आणि तीन दिवस उरलेत, तोवर तिच्या अंगाला हात लावू नकोस. हे मी तुला मोठी म्हणून सांगतेय. माझं ऐकायची तुला सवय आहे, तेवढं शेवटचं ऐक.

तुला वळण लावणारी,
ताई