बाबांच्या गाडीचं पाणी

भेस्तान, सुरत. बुधवार, १४ फेब्रुवारी १९७३

काल लिहिलं की बाबांच्या गाडीचं पाणी गळतं. ते चूक आहे. आज वाकून पाहिलं, गाडीखालची जमीन कोरडी ठणठणीत.

बाबा गेल्यापासून आई रोज तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या रेडिएटरमध्ये ओतते. आज म्हणाली, "बघ, पुन्हा सगळं प्यायले. तहानच भागत नाही गं त्यांची."

संध्याकाळी रेडिएटरचं झाकण काढून दादाला गाडी सुरू करायला लावली. पाण्यातून बुडबुडे यायला लागले, थांबेचनात. बुडालेलं कुणी श्वास सोडतंय, तसे. मागे सायलेन्सरमधून पांढरी वाफ. पुन्हा वाकून पाहिलं. कोरडंच.

बाबांनीच शिकवलं होतं, इंजिनात आग आणि पाणी यांच्यामध्ये हेड गॅस्केटचा एक पातळ पत्रा असतो. तो जळला की पाणी आगीत शिरतं. मग गळणार कुठून?

दादा म्हणाला, "इंजिनियरबाई, आईसमोर बोलू नकोस हं. तेवढाच तिला आधार आहे." पण रविवारी तो वहिनीला बाळंतपणाला नंदुरबारला नेणार याच गाडीतून. आडरानात इंजिन तापून बसलं तर?

आईला कसं सांगू, की बाबा पाणी पीत नाहीत? हे लिहितानाही अंगणातून बुडबुड ऐकू येतेय. गाडी तर केव्हाची बंद आहे. गार होत असेल. एवढा वेळ लागतो का?

उद्या नवं गॅस्केट आणते. शुक्रवारी, सोळा तारखेला, आई तांब्या घेऊन यायच्या आत मी इंजिनाचं हेड खोलणार.